होडीचा फोटो: प्रिंट काढण्याआधी एवढं बघा

मंडळी, सप्टेंबर 2023 मध्ये नर्मदेचं पाणी चांदोदमध्ये शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. नुकसान दाखवायचं तर होडीचा आधीचा स्पष्ट फोटो हाताशी हवा. डभोईला प्रिंट काढायला जाताना आम्ही एवढं पाळतो:

▪️ होडीचा आडवा फोटो, नंबरचा वेगळा जवळून. 4×6 इंचाच्या प्रिंटमध्ये कडा कापल्या जातात, म्हणून वरखाली जागा सोडा.

▪️ दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर नंबर पुसट होतो.

▪️ काळोख वाटला तर ब्राइटनेस थोडाच वाढवा, तोही कॉपीवर. मूळ फोटो तसाच ठेवा. नंबर, तारीख खोडलीत तर पुराव्यावर कोण विश्वास ठेवणार?

प्रिंटमागे तारीख लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाआधी उरकून घ्या!