कुलूप उघडायला शिका, पण परवानगीनं!

१९८०च्या दशकात इथे ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमची ‘प्रेस्टेल’ नावाची संगणकसेवा होती. रॉबर्ट शिफ्रीन आणि स्टीव्ह गोल्ड हे दोघे तिच्यात शिरले आणि थेट प्रिन्स फिलिप यांच्या टपालपेटीपर्यंत पोहोचले! खटला झाला, पण संगणकात घुसण्याविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता. लावलेला बनावट दस्तऐवजांचा कायदा टिकला नाही आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांची सुटका कायम केली. पुढे १९९० मध्ये कॉम्प्युटर मिसयूझ अ‍ॅक्ट आला.

मंडळातली मोठी मुलं मला विचारतात, “काकू, हॅकिंग शिकायचं तर करून कुठे बघायचं?” तेव्हा मी आधी ही गोष्ट सांगते. शाळेच्या वायफायवर नाही, मित्राच्या खात्यावर तर मुळीच नाही. “मी काही चोरलं नाही, नुसतं डोकावलो,” ही सबब या कायद्यापुढे चालत नाही. नुसत्या विनापरवाना प्रवेशालाही २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय इंग्लंड-वेल्समध्ये १० वर्षांच्या मुलालाही गुन्ह्यासाठी जबाबदार धरता येतं.

मग शिकायचंच नाही का? शिकायचं की! विहिरीत उतरण्याआधी आपण पाठीला डबा बांधतो, तशा या विद्येसाठी खास सरावाच्या लॅब आहेत. दुपारी घर शांत असलं की मीही तिथेच बसते.

‘ओव्हरदवायर’चा ‘बँडिट’ हा खेळ फुकट आहे. प्रत्येक पायरीवर पुढचा पासवर्ड दडवलेला असतो. एका पायरीवर फाइलचं नावच नुसती आडवी रेघ असतं. तशीच वाचायला गेलं, तर संगणक गप्प बसून राहतो; कारण त्याच्या लेखी रेघ म्हणजे ‘कीबोर्डवरून येईल ते वाच’. रेघेआधी टिंब आणि तिरकी रेघ दिली, की ‘याच फोल्डरमधली फाइल’ हे त्याला कळतं.

‘पोर्टस्विगर’ची वेब सिक्युरिटी अकॅडमीही फुकट आहे. तिथल्या एका खोट्या दुकानाच्या पत्त्यात एक अवतरणचिन्ह आणि छोटीशी अट घातली, की विक्रीला न आणलेला मालही दिसू लागतो. हेच एसक्यूएल इंजेक्शन. ग्राहकाचा मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत जसाच्या तसा मिसळला, म्हणून हे झालं. तो वेगळा पाठवला असता तर झालं नसतं. माझ्यातल्या शिक्षिकेला हे सर्वांत भावतं. कुलूप कसं उघडलं हे कळलं, की ते नीट कसं बसवायचं हेही कळतं.

लॅबमध्येही नेमून दिलेल्या यंत्रापलीकडे जायचं नसतं. म्हणून मुलाच्या पडद्यावर काळी खिडकी दिसली, तर लॅपटॉप काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि तीनच प्रश्न विचारा: यंत्र कोणाचं? परवानगी कोणी दिली? आणि ती कुठपर्यंत? तिन्हींची उत्तरं चटकन आली, तर त्याला खुशाल पुढची पायरी चढू द्या.