शेंदरापासून इपॉक्सीपर्यंत

शेंदूर आणि तेल ही जोडी आम्हा कुरुंदेकरांना ठाऊक आहे ती मारुतीमुळे. समुद्र आमच्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर. पण शिशाचा हाच शेंदूर जवसाच्या तेलात खलून कित्येक पिढ्या जहाजांच्या लोखंडाला फासला गेला.

त्याआधी जहाजं लाकडाची होती. वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ १८१७ सालचं. ते आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे. तेव्हा तळाला तांब्याचा पत्रा ठोकत. त्यामुळे किडा लागत नसे, कालवं-शिंपले चिकटत नसत. लोखंडी जहाजाला मात्र तांबं परवडेना. खाऱ्या पाण्यात दोन्ही धातू एकमेकांना भिडले, की झिजतं ते लोखंड. म्हणून सगळी भिस्त रंगावर आली.

‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल शोधलं आणि आपल्याकडे पोलाद भर समुद्रात कायमचं उभं राहू लागलं. अशा खांबांचा सर्वांत वाईट भाग तळाचा नव्हे, लाटा चाटून जातात तो पट्टा. तिथे मीठ, ओल आणि हवा तिन्ही भरपूर. शेंदराची जागा तोवर जस्ताच्या प्रायमरने आणि इपॉक्सीच्या जाड थरांनी घेतली होती. जस्त स्वतः झिजतं, पोलाद वाचवतं.

कालवं-शिंपले चिकटू नयेत म्हणून जहाजाच्या तळाला लावायच्या विषारी रंगाची गोष्ट इतकी सरळ नाही. ट्रायब्युटिल टिनचे रंग इतके जालीम निघाले, की समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली. त्यांच्यावर जगभर बंदी यायला २००८ उजाडलं. मला विचाराल तर फार उशीर झाला.

रंग इतके बदलले, पण ते फसण्याचं मुख्य कारण बदललं नाही: खालचं पोलाद नीट साफ न करणं. पृष्ठभागावर मिठाचा कण राहिला, तर तो रंगातून पाणी ओढून घेतो. आधी टाचणीच्या डोक्याएवढा फोड येतो. तो फोडला की थेंबभर पाणी आणि खाली काळा गंज. म्हणून गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, कठीण कणांचा मारा करून पोलाद जवळजवळ पांढरं करायचं, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असेल तरच पहिला हात मारायचा. मुंबईच्या जुलैत ही अट पाळायची तर झाकलेली शेड आणि हवा कोरडी करणारी यंत्रं लागतात. तो खर्च रंगाच्या डब्यावर छापलेला नसतो.