पिप अडतं कुठे?

लेखमाला : जँगोशी ओळख

नारायणगावाहून खोडदकडे वळलं की टोमॅटोच्या प्लॉटांमागून ४५ मीटर व्यासाची जाळीदार तबकडी डोकावते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अशा ३० तबकड्या जुन्नर परिसरात सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. त्यांच्यासाठी तयार झालेली नवी नियंत्रणप्रणाली ‘टँगो’ या मुक्त सॉफ्टवेअरवर बेतलेली आहे. कोणतं उपकरण कोणत्या सर्व्हरकडे, त्याची सेटिंग काय, ही सगळी नोंद टँगो मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीमध्ये ठेवतं. पायथॉनमधून टँगोशी बोलायचं तर ‘पायटँगो’ बसवावं लागतं. वरून ते पायथॉन दिसतं. आत मात्र सी प्लस प्लसची लायब्ररी काम करते.

जँगो हे पायथॉनचं वेब फ्रेमवर्क शिकणारा पहिल्यांदा अडखळतो तो अशाच दुहेरी रचनेपाशी.

मागच्या भागातला प्रकल्प एसक्यूलाइटवर विनासायास चालला, कारण तिचा कनेक्टर पायथॉनसोबतच येतो. आता तो प्रकल्प मायएसक्यूएलवर न्यायचा. मायएसक्यूएलसाठी कनेक्टर वेगळा आणावा लागतो, आणि जँगोची शिफारस आहे ‘मायएसक्यूएलक्लायंट’ची. पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपला आज्ञा दिली की विंडोजवर बहुतेकदा आधीच बांधलेलं पॅकेज उतरतं. उबुंटूवर मात्र पिप सी भाषेतला कोड तिथल्या तिथे कंपाइल करायला घेतं आणि लालभडक संदेशांचा पाऊस पडतो. नवशिका पायथॉनच काढून पुन्हा टाकतो. त्यात दुपार जाते, हाती काही लागत नाही. पायथॉन बिचारं निर्दोष असतं. नसतात त्या चार गोष्टी: सी कंपायलर, पायथॉनच्या हेडर फाइली, मायएसक्यूएलच्या क्लायंट लायब्ररीच्या हेडर फाइली आणि ती लायब्ररी कुठे आहे हे सांगणारं पीकेजी-कॉन्फिग. त्या उबुंटूच्या ‘ॲप्ट’ने आणायच्या, मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करून पिप पुन्हा चालवायचं.

निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेला ‘पायमायएसक्यूएल’ हा पर्याय कंपायलर मागत नाही. सरावाला तो चालेल, पण जँगो त्याची अधिकृत हमी देत नाही.

आता सेटिंग्जची फाइल. इंजिन, डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, होस्ट आणि ३३०६ हा पोर्ट भरायचा. लिनक्सवर होस्ट ‘लोकलहोस्ट’ लिहिला तर जोडणी पोर्टवरून न जाता सॉकेट फाइलमधून जाते. ती फाइल सापडली नाही तर १२७.०.०.१ लिहून पाहावं.

खरी फसगत अक्षरांची. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ एका चिन्हाला फार तर तीन बाइट देतं. देवनागरी तेवढ्यात बसते, त्यामुळे ओतूर, मंचर, घोडेगाव ही गावांची नावं नीट साठतात आणि काम झालं असं वाटतं. पुढे कुणीतरी बाजारभावाच्या नोंदीत टोमॅटोचं इमोजी टाकतो. त्याला चार बाइट लागतात, आणि नोंद नाकारली जाते. म्हणून डेटाबेस तयार करतानाच ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावं. नंतर भरलेले तक्ते बदलत बसणं जिकिरीचं.

एवढं झालं की ‘मायग्रेट’ चालवायचं. त्यातून कोणते तक्ते तयार होतात आणि का, ते पुढच्या भागात.