सोयाबीनचं पोतं कोणाच्या तराजूत?

 

आजचा विषय आहे अमेरिका आणि चीन यांचं भांडण. ऐकूनच काही जणी म्हणतील, त्याचं आपल्याला काय? आपल्या घरातली भांडणं कमी आहेत का! पण २०२५ च्या हंगामात गटांच्या बैठकांत एकच प्रश्न सारखा येत होता. २०२५ च्या खरिपाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, मग मोंढ्यात आमच्या मालाला तेवढे का मिळत नाहीत? याचं उत्तर शोधायला निघालं की वाट आडतीपासून सुरू होते, लातूरच्या तेल गिरण्यांवरून जाते, दिल्लीला वळसा घालते आणि थेट चीनच्या बंदरावर पोचते. आज ती वाट आपण सावकाश चालून बघू.

पोत्यात माल दोन असतात

आपण विकतो सोयाबीन, पण गिरणीवाला विकत घेतो तेल आणि पेंड. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड उरते. तेल आपल्या कढईत जातं, पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. व्यापारी या दोन्हींचा हिशेब करूनच भाव बोलतो. बाहेरून तेल स्वस्त आलं की भाव उतरतो. पेंडीला गिऱ्हाईक नसलं तरी उतरतो. सध्या पेंडीची अडचण मोठी आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो कोंबडीखाद्यात स्वस्त पडतो. त्यामुळे सोयापेंड मागे पडते.

तेल आणि पेंड, दोन्हींचा बाजार जगभर जोडलेला आहे. त्या बाजारात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे चीन. आपला देश वर्षाला साधारण सव्वा कोटी टन सोयाबीन पिकवतो. चीन एकटा दहा कोटी टनांच्या आसपास बाहेरून विकत घेतो, त्यांच्या डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी. एवढं मोठं गिऱ्हाईक एका दुकानातून उठून दुसऱ्या दुकानात बसलं, तर अख्ख्या बाजाराचा भाव हलणारच.

ते दुकान बदललं कसं?

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा. बाहेरचा माल आत यायचा तर पैसे भरा. देशाच्या वेशीवरही तसंच असतं. त्याला आयात शुल्क म्हणतात, बातम्यांत टॅरिफ म्हणतात. अमेरिकेचं म्हणणं होतं, चीन आमचं तंत्रज्ञान घेतो आणि स्वस्त माल आणून आमचे कारखाने बंद पाडतो. म्हणून जुलै २०१८ मध्ये अमेरिकेनं चीनच्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं. चीननं त्याच दिवशी उलट शुल्क लावलं, आणि त्यासाठी निवडला अमेरिकेच्या शेतकऱ्याचा माल. त्यात सोयाबीन होतं. जिथं मारलं की जास्त लागतं तिथंच मारायचं, हे भांडणाचं शास्त्र सगळीकडे सारखंच.

२०२५ मध्ये तेच भांडण पुन्हा पेटलं. एप्रिलमध्ये दोघांनी एकमेकांवरचं शुल्क शंभर टक्क्यांच्या वर नेलं. नंतर ते उतरवलं, पण सप्टेंबर महिन्यात चीनमध्ये अमेरिकेचं सोयाबीन अजिबात उतरलं नाही. ३० ऑक्टोबरला दोन्ही देशांचे प्रमुख दक्षिण कोरियात भेटले. त्यानंतर अमेरिकेनं जाहीर केलं की चीन पुढची तीन वर्षं दरवर्षी अडीच कोटी टन सोयाबीन घेणार. म्हणजे आपल्या अख्ख्या देशाच्या पिकाच्या दुप्पट मालाची बोलणी एका बैठकीत झाली.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तसा लाभ झालाही. तो ब्राझीलला झाला. मग आपल्याला का नाही? कारण आपल्याकडे एकरी सरासरी चार-पाच क्विंटल निघतं आणि ब्राझीलमध्ये, अमेरिकेत तेरा-चौदा क्विंटल. त्यांचा माल स्वस्त पडतो, तो जहाजं भरभरून तयार असतो. आपलं सोयाबीन बहुतेक इथंच गाळलं जातं.

लाभ झाला नाही, झळ मात्र लागते. २०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत बीड, धाराशिव, लातूरच्या रानात पाणी उभं होतं, आठवतंय ना? काढायला आलेल्या शेंगा काळ्या पडत होत्या. त्याच दिवसांत तिकडे अर्जेंटिनानं बाहेर जाणाऱ्या सोयाबीनवरचा कर थोड्या दिवसांसाठी उठवला. चीननं तिथून भराभर माल उचलला आणि आपल्या देशातल्या व्यापाऱ्यांनीही स्वस्त तेलाचे सौदे करून टाकले. आपला माल भिजलेला, आणि बाहेरचं तेल वाटेवर. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यावर येऊन पडल्या.

दिल्लीची पट्टी

पण सगळं चीन-अमेरिकेच्या माथी मारून चालणार नाही. मधला नाका आपल्या सरकारच्या हातात असतो. आपण खाण्याचं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं तेल रशिया आणि युक्रेनमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आणलं, तेल स्वस्त व्हावं म्हणून.

बायांनो, इथं आपली खरी कोंडी आहे. तेलाचा डबा आणि सोयाबीनचं पोतं एकाच घरात असतात. शुल्क वाढलं की डबा महागतो, कमी झालं की पोतं स्वस्त होतं. डबा महाग झाला की बातमी होते, कारण तो शहरातही विकत घेतात. पोतं स्वस्त झालं की फक्त आपल्याला कळतं. घरात वर्षाला तेल किती लागतं आणि सोयाबीन किती विकतो, हा हिशेब प्रत्येकीनं एकदा मांडून बघावा. मग कोणत्या निर्णयानं आपल्या घराचं किती गेलं किंवा आलं, हे कोणी सांगायची गरज राहणार नाही.

कापसाचंही असंच झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर आधी २५ टक्के आणि रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५, असं एकूण ५० टक्के शुल्क लावलं. भांडण मूळ अमेरिका आणि रशियाचं, दंड आपल्याला. कपड्यांचे कारखाने अडचणीत आले. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकी आपल्या वेचणीची वेळ. माजलगाव, गेवराई, वडवणीकडच्या बाया हे बरोबर ओळखतील. कापसाचा भाव पडला की पहिली ओढाताण वेचणीच्या मजुरीवर होते, आणि वेचणी तर बाईच करते.

खत, फोन आणि चाकणची नोकरी

हे भांडण फक्त बाजाराचं नाही, तंत्रज्ञानाचंही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेनं ठरवलं की सगळ्यात प्रगत चिप चीनला द्यायच्या नाहीत. चिप म्हणजे फोन आणि संगणक चालवणारा नखाएवढा तुकडा. चीनकडे दुसरा हुकमी पत्ता होता. विजेच्या गाड्यांच्या मोटारीत जे ताकदवान लोहचुंबक लागतं, ते बहुतेक चीनच बनवतो. एप्रिल २०२५ मध्ये त्यानं ते बाहेर देण्यावर बंधनं घातली. निशाणा अमेरिकेवर होता, पण विजेवरच्या स्कूटर बनवणारे आपल्याकडचे कारखानेही अडले. आपली पोरं कामाला चाकण आणि वाळूजलाच जातात. कारखान्यात सुटा भाग नाही आला की कंत्राटी कामगाराला आधी घरी बसावं लागतं.

खताचंही ऐका. आपल्याला लागणाऱ्या डीएपीचा मोठा भाग बाहेरून येतो. चीननं गेल्या काही वर्षांत खत बाहेर पाठवण्यावर अधूनमधून बंधनं घातली. २०२५ च्या पेरणीच्या वेळी डीएपीसाठी रांगा लागल्या, त्यामागचं एक कारण हे होतं.

आणि टिकटॉक! गलवानला जून २०२० मध्ये आपले जवान शहीद झाले, त्यानंतर २९ जूनला सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केली. गावोगावच्या कितीतरी जणी त्यावर गाणी, विनोद टाकत होत्या. सीमेवरचा ताण असा आपल्या हातातल्या फोनपर्यंत आला.

पूर्वीही असं झालंय

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत आपसात युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग मुंबईतून आपला कापूस जाऊ लागला आणि भाव आकाशाला भिडले. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला आणि भाव कोसळले. कर्ज मात्र कोसळत नाही. त्यात सरकारनं शेतसाराही वाढवला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं, वह्या काढून जाळल्या. पुणे आणि नगरकडच्या बऱ्याच गावांत तसंच झालं. आपलं अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद नावानं निजामाच्या राज्यात होतं, पण कर्जाची ती गोष्ट आपल्याला नवी वाटत नाही.

२०२१ आठवा. त्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. आपला नवा माल बाजारात आला तेव्हा भाव उतरलेला होता. दहा हजारांचा भाव धरून ज्यांनी उसनवारी केली, त्यांना ती जड गेली. चढता भाव लांबच्या कारणानं आलेला असेल, तर तो लांबच्याच कारणानं जातोही.

आपल्या हातात काय आहे?

चीननं काय घ्यावं हे आपण ठरवत नाही. शुल्क किती असावं हे ग्रामसभेत ठरत नाही. पण पोतं घरात असतं तोवर काही गोष्टी आपल्या हातात असतात.

पहिली गोष्ट, ओलावा. हमीभावाच्या केंद्रावर साधारण १२ टक्के ओलाव्याचा नियम असतो. त्यात सूट आहे का ते केंद्रावर आधी विचारून घ्या. माल चांगला वाळवून आणि चाळून नेला तर मोंढ्यातही कापायला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट, नोंदणी. हमीभावाच्या विक्रीला सातबारा, आधार, बँक पासबुक आणि ई-पीक पाहणी लागते. कापसाला सीसीआयचं 'कपास किसान' ॲप आहे. कागद आधी जमवून ठेवा, केंद्र सुरू झाल्यावर पळापळ करून नंबर लागत नाही. शिवाय सातबारा ज्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यावर. पेरणी, खुरपणी, काढणी बाईची आणि पट्टी दुसऱ्याच्या नावावर. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे चौकशी करा, एकटीनं जाण्यापेक्षा चार-पाच जणी मिळून जा.

तिसरी गोष्ट, तारण. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, हे विचारा. पण लक्षात ठेवा, माल ठेवला म्हणजे भाव वाढेलच असं नाही. म्हणून सगळा माल एकदम विकू नका आणि सगळा अडवूनही ठेवू नका. देणी भागतील तेवढा आधी विका, उरलेल्याची वाट बघा.

चौथी गोष्ट आपल्या गटाची आहे. कर्ज देताना हप्त्याचा हिशेब वर गेलेल्या भावावर करू नका. हमीभाव मिळेल असंही धरू नका. २०२५ च्या हंगामात बऱ्याच मालाला हमीभावाहून सात-आठशे रुपये कमी मिळाले. तेवढ्यात हप्ता बसतो का, ते बघा. पीक हुकलं तर हप्ता कशातून भरणार, शेळी, शिलाई की पापड-मसाला, हे कर्जाच्या अर्जाबरोबरच विचारा.

पाचवी गोष्ट, फोनवरच्या अफवा. 'चीन आता भारताचं सोयाबीन घेणार, भाव दहा हजार होणार' असा निरोप आला की तीन प्रश्न विचारा. कोण म्हणालं? कधीची बातमी आहे? आणि आज मोंढ्यात सौदा कितीला झाला? तिसऱ्याचं उत्तर मोंढ्यात एक फोन करून मिळतं.

पुढच्या बैठकीत या तीन गोष्टींवर बोला. आपल्या गटातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? या वर्षी किती जणींनी हमीभावानं विकलं, आणि ज्यांनी नाही विकलं त्या कुठं अडल्या? आपल्या घरचं तेल आणि आपलं सोयाबीन यांचा वर्षाचा हिशेब काय? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा. केंद्र वेळेवर सुरू करा, वजनकाटा नीट ठेवा, अशी मागणी करायला तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा लिहिलेले आकडे जास्त उपयोगी पडतात.

पुढच्या भागात तारण कर्जाचे कागद एकेक करून बघू.