जुन्या गाडीने लांबचा प्रवास: इंजिन किती आरपीएमवर ठेवायचं?

वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट घेऊन मी मे महिन्यात पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडीत पाच जण, डिकी सामानाने भरलेली. साताऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि मी वेग शंभरवर नेऊन तसाच धरून ठेवला. गाडी मस्त पळत होती, पाणीही तापलं नव्हतं. पुढच्या टोलनाक्यावर थांबलो तेव्हा ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला. तिथून निघाल्यावर दहा मिनिटांत खालून ‘टक-टक’ सुरू झालं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला गेला आणि गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहिली.

चूक गाडीची नव्हती, माझी होती. मी रस्त्यावरचा वेग बघत होतो, पण इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय, म्हणजे आरपीएम किती आहे, याचा विचारच केला नव्हता. तुमच्याकडे जुनी फियाट, अॅम्बेसेडर किंवा त्याहून जुनी एखादी गाडी असेल, तर निघण्याआधी हा हिशोब एकदा नक्की करून ठेवा.

नवी गाडी शंभरला आरामात, मग जुनी का नाही?

पहिलं कारण गिअरबॉक्स. आजच्या गाड्यांना पाच-सहा गिअर असतात आणि सगळ्यात वरचा गिअर साधारणपणे ओव्हरड्राइव्ह असतो, म्हणजे त्यात इंजिन मागच्या शाफ्टपेक्षा हळू फिरतं. फियाट किंवा जुन्या अॅम्बेसेडरला चारच गिअर, आणि चौथा डायरेक्ट. इंजिनचा एक फेरा म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचा एक फेरा. त्यामुळे वेग वाढला की इंजिनचे फेरे त्याच प्रमाणात वाढतात, सुटका नाही.

दुसरं कारण आतली रचना. या दोन्ही इंजिनांचा क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगवर तोललेला असतो. आजच्या चार सिलेंडरच्या इंजिनांत ती सहसा पाच असतात. आधार कमी, म्हणून जास्त फेऱ्यांना क्रँक जास्त लवतो. १९२८ ते १९३१ मधल्या फोर्ड मॉडेल ए सारख्या गाड्यांत तर बेअरिंग म्हणजे जागेवर ओतलेला मऊ पांढरा धातू असायचा. तो उष्णता आणि मार फार काळ सोसत नाही.

खरा ताण कुठे येतो?

३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर एकदा आणि खाली एकदा थांबून दिशा बदलतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. प्रत्येक वेळी पिस्टनला थांबवून उलट ओढायचं काम कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बेअरिंगला करावं लागतं.

आता महत्त्वाची गोष्ट. हा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्के वाढला, पण हा ताण १.२५ × १.२५, म्हणजे सुमारे ५६ टक्क्यांनी वाढला! त्यात ऑइल गरम होऊन पातळ झालेलं असतं. पाण्याचा काटा लवकर स्थिरावतो, पण ऑइलचं तापमान त्यानंतरही बराच वेळ चढत राहतं. म्हणूनच पाच मिनिटं जोरात पळवलेली गाडी काही बोलत नाही आणि तासभर तशीच ताणली की बेअरिंग जातं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

मग सुरक्षित आकडा कोणता?

पिस्टनच्या सरासरी वेगाचं एक जुनं माप आहे. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, त्याला दोनाने आणि आरपीएमने गुणा, ६० ने भागा. उत्तर मीटर प्रतिसेकंदात येतं. ब्रिटनमधल्या जुन्या रोड टेस्टमध्ये २५०० फूट प्रतिमिनिट, म्हणजे १२.७ मीटर प्रतिसेकंद हा आकडा दिसतो. पण तो धडधाकट इंजिनसाठी होता. पन्नास-साठ वर्षं चाललेल्या इंजिनला मी ९ च्या वर जाऊ देत नाही.

दुसरा अंदाज आणखी सोपा. इंजिन जास्तीत जास्त ताकद ज्या आरपीएमला देतं, त्याच्या ६५ ते ७० टक्क्यांवर लांबचा प्रवास करा. तीन गाड्यांचा हिशोब असा:

- फियाट ११००, १०८९ सीसी (स्ट्रोक ७५ मिमी): कमाल ताकद सुमारे ४८०० ला. प्रवासासाठी ३१०० ते ३३५०.
- अॅम्बेसेडर, १४८९ सीसी (स्ट्रोक ८८.९ मिमी): कमाल ताकद सुमारे ४२०० ला. प्रवासासाठी २७०० ते २९५०.
- फोर्ड मॉडेल ए (स्ट्रोक सुमारे १०८ मिमी): कमाल ताकद २२०० ला. प्रवासासाठी १४०० ते १५५०.

बघा, स्ट्रोक जितका लांब तितके फेरे कमी. म्हणून शेजारच्याची फियाट ज्या आरपीएमला चालते, त्या आरपीएमला तुमची अॅम्बेसेडर चालवू नका.

टॅकोमीटर नाही, मग आरपीएम कळणार कसं?

यासाठी लागतो खडू, टेप आणि ढकलायला दोन माणसं.

१. सपाट जागेवर १० मीटर अंतर मोजून दोन रेषा मारा. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या.
२. इंजिन थंड असताना चारही स्पार्क प्लग काढा. इग्निशन बंद, चावी खिशात.
३. क्रँकच्या पुलीवर खडूने खूण करा आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका.
४. एक जण आत ब्रेकपाशी बसेल. बाकीचे गाडी अगदी हळू ढकलतील. पुलीचे फेरे मोजणाऱ्याने हात फॅनपासून लांबच ठेवायचा.
५. १० मीटरमध्ये जितके फेरे झाले, त्याला १.६७ ने गुणा. उत्तर म्हणजे दर एक किमी वेगाला इतके आरपीएम.

माझ्या गाडीचे २३ फेरे भरले. २३ × १.६७ म्हणजे साधारण ३८. त्यावरून ६० ला सुमारे २३००, ८० ला ३०५० आणि १०० ला ३८००. तेव्हा कळलं की त्या दिवशी मी भरलेली गाडी ठरलेल्या मर्यादेच्या साडेचारशे फेरे वर, तीही बराच वेळ, पळवत होतो. आता मी ८० च्या वर जात नाही. हा वेग फोनच्या जीपीएसवर तपासा, कारण जुने स्पीडोमीटर बऱ्याचदा चुकीचे दाखवतात.

फार कमी आरपीएमसुद्धा वाईट

हे वाचून कोणी चौथ्यातच ४० ने घाट चढायला जाऊ नका. कमी फेऱ्यांवर इंजिन दाबून चालवलं की ऑइलचा दाब कमी आणि बेअरिंगवर स्फोटाचा भार जास्त, अशी दुहेरी अडचण होते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला गाडी धापा टाकायच्या आत तिसरा टाका. पेडल जास्त दाबूनही वेग वाढत नसेल, तर गिअर उतरवायची वेळ झालीच आहे. तिसऱ्या गिअरचे फेरेही वरच्याच पद्धतीने मोजून ठेवा. घाट उतरताना नकळत आरपीएम फार वर जाऊ नये म्हणून ते उपयोगी पडतं.

निघण्याआधी आणि रस्त्यात

- ऑइलची पातळी बघा. मैन्युअलमध्ये सांगितलेलाच ग्रेड वापरा; पातळ ऑइल घालून नव्या गाडीची नक्कल नको.
- पहिली १५-२० मिनिटं सावकाश चालवा.
- एकाच वेगावर तासन्तास पेडल धरून ठेवू नका. अधूनमधून क्षणभर सोडा.
- तासाभराने थांबा. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा दिवा लुकलुकला, तर पुढचा प्रवास तिथेच थांबवा. मी त्या दिवशी हे केलं असतं, तर क्रँक वाचला असता.

आणखी एक. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल अशा कामांसाठीच ती बाहेर काढता येते. म्हणजे अशा गाडीचा लांबचा प्रवास वर्षातून एक-दोनदाच होणार. तो टो करून परत येण्यात संपू नये.

दहा मीटरचा तो हिशोब येत्या रविवारी करून टाका. जो वेग निघेल तो एका कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. माझ्या फियाटमध्ये तो कागद अजून आहे, आणि घरातलं कोणीही स्टिअरिंगवर बसलं की आधी तो वाचतं.