२८२ गुणांचा सत्कार आपण विसरलो काय?

दहावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवसांत गावोगावच्या चौकांत फलक लागतात. 'गुणवंत विद्यार्थ्यांचा भव्य सत्कार सोहळा'. वाशिम असो, रिसोड असो की मानोरा, फलक सारखाच असतो. वर महापुरुषांच्या प्रतिमा, खाली पाहुण्यांचे फोटो आणि एका कोपऱ्यात अट : ८५ टक्क्यांच्या वरील विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स आणून द्यावी. हा सत्कार झालाच पाहिजे, त्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षराची बंदी होती, त्यांच्या नातवंडांनी नव्वदी ओलांडली तर समाजाला अभिमान वाटणारच. परंतु त्याच वस्तीत ४८ टक्के मिळालेला एक पोरगा असतो. तो त्या दिवशी मंडपाकडे फिरकत नाही. त्याला कुणी बोलावलेलेही नसते. त्याचा बाप विचारणाऱ्याला एवढेच सांगतो, "माहा पोरगा काई हुशार नाई जी, पास झाला म्हंजे बस."

हा ४८ टक्केवाला पोरगा हाच आजच्या लेखाचा विषय आहे. कारण समाज म्हणजे मुख्यतः हाच पोरगा आहे.

आकडे पाहा. २०२५ मध्ये राज्यात दहावीच्या परीक्षेत १४ लाख ५५ हजार ४३३ नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले. निकाल ९४.१० टक्के लागला. वर्तमानपत्रांनी शंभर टक्के मिळवणाऱ्यांचे फोटो छापले. पण याच निकालात द्वितीय श्रेणीत ३ लाख ६० हजार ६३० आणि केवळ उत्तीर्ण श्रेणीत १ लाख ८ हजार ७८१ विद्यार्थी होते. म्हणजे पास झालेल्या दर तीन मुलांमागे जवळजवळ एक मूल ६० टक्क्यांच्या खालचे. ९१ हजारांवर मुले तर उत्तीर्णच होऊ शकली नाहीत. ही साडेपाच लाखांहून अधिक मुले कुणाची आहेत? ती कोणत्या वस्त्यांतून, कोणत्या शाळांतून येतात? हे सांगायला कुठल्या आयोगाची गरज नाही. आपण आपल्या गल्लीत नजर टाकली तरी पुरे.

बाबासाहेबांचे गुण किती?

चळवळीतल्या प्रत्येक घरात हे माहीत असले पाहिजे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारी काढली तर ३७.६ भरते. आजच्या सत्कार समितीने त्यांची झेरॉक्स परत केली असती.

त्या काळची मॅट्रिक आणि आजची दहावी एकच नव्हे, हे मान्य. विद्यापीठाच्या त्या परीक्षेत भले भले गडगडत. तेव्हा ३७ टक्के म्हणजे काहीच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. आणि 'बाबासाहेबांनाही कमीच होते' म्हणून अभ्यासाला सुटीही देऊ नये. मुद्दा वेगळा आहे. त्या २८२ गुणांचा समाजाने सत्कार केला. सीतारामपंत बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. घरी तर रामजीबाबा होतेच. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारा संसार. मुलाने लवकर झोपावे आणि मध्यरात्रीनंतर शांत वेळी उठून अभ्यास करावा, म्हणून बाप दोन वाजेपर्यंत जागत बसे आणि मग मुलाला उठवी. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लेकींकडून उसने आणी, त्यांचा दागिना गहाण ठेवी.

घरात जागा आणि वेळ देणारा बाप, बाहेर विचारपूस करणारा एक शिक्षक, अडल्या वेळी पैसा आणि पास झाल्यावर पाठीवर समाजाचा हात. एवढे सारे त्या मुलाच्या पाठीशी होते. आज आपल्या वस्तीतल्या ४८ टक्केवाल्याच्या पाठीशी यातले काय आहे?

'ढ' कोण ठरवतो?

वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला 'ढ' म्हणण्याची रीत जुनी आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत या 'ढ'ला जातीची शेपटी चिकटते. 'यांना काय, सवलत आहे' हे वाक्य पोरगा आठवीतच ऐकतो आणि स्वतःही तसेच मानू लागतो. म्हणून पास-नापासाची ही रेषा कशी आखली जाते, ते एकदा नीट समजून घेऊ.

२०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० मध्ये पुन्हा ९५.३० टक्के झाला. एका वर्षात महाराष्ट्राची मुले ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली काय? तसे काही नव्हते. २०१९ च्या परीक्षेला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले गेले. नव्वदीतल्या मुलाचे या उलथापालथीत दोन-चार टक्के गेले असतील. काठावरच्या मुलाचे मात्र वर्ष गेले. धोरण मुंबई-पुण्यात ठरते आणि त्याचा फटका मंगरुळपीर तालुक्यातल्या मागच्या बाकाला बसतो.

आणखी एक गोष्ट. २०२५ मध्ये जी मुले दहावीला बसली, ती २०२०-२१ मध्ये सहावीत होती. कोरोनात शाळेला कुलूप होते. ज्यांच्या घरी मोबाईल आणि नेटवर्क होते ती शिकली, बाकीची नुसतीच वरच्या वर्गात गेली. अपूर्णांक, वजाबाकी, इंग्रजी वाचन यातले जे तेव्हा राहिले ते दहावीत बीजगणित होऊन समोर उभे ठाकले. या मुलाची बुद्धी मध्यम नाही, त्याला मिळालेले शिक्षण मध्यम आहे.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याची गणना केली. मागासच्या जागी गोड शब्द आला, इतकेच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आणि त्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के. शेती मुख्यतः पावसावरची. पहिल्या सत्राची परीक्षा येते तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते, आणि बोर्डाची परीक्षा येते तेव्हा हरभरा काढणीला आलेला असतो. मजुरीचे दिवस आणि परीक्षेचे दिवस एकच. जमीन नसलेल्या घरात चार हात कामाला गेले तर चूल नीट पेटते, म्हणून दहावीचे लेकरूही सोंगणीला जाते. त्याच वेळी शहरातला त्याच्याच वयाचा मुलगा तिसरी सराव परीक्षा देत असतो. मग दोघांच्या टक्क्यांची तुलना करून एकाला गुणवान आणि दुसऱ्याला ढ म्हणायचे, हा कुठला न्याय?

गळती कुठे होते?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी शिक्षणाच्या खर्चावर भाषण केले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, याकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले. त्यांची नजर पहिल्या आलेल्यावर नव्हती, गळून पडलेल्या ८२ मुलांवर होती. आज चौथीचा उंबरठा आपण ओलांडला. गळतीची जागा आता दहावी झाली आहे.

दहावीला आपटलेला पोरगा पुण्याच्या बाजूला कंत्राटी कामाला जातो आणि मुलगी असेल तर स्थळे पाहायला सुरुवात होते. अठरा वर्षांच्या आत लग्न हा गुन्हा आहे, हे ठाऊक असूनही 'शिकत नाही तर घरी ठेवून काय करू' असे आईबाप म्हणतात. एका गणिताच्या पेपराने मुलीचे आयुष्य ठरते.

सरकारच्या योजनाही वरच्या बाकाकडेच पाहतात. बार्टीने २०२१ मध्ये दहावीला ९० टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी दोन लाखांपर्यंतच्या मदतीची योजना जाहीर केली. स्वागत आहे. बाबासाहेबांच्या नावाने २०१६-१७ पासून आलेल्या स्वाधार योजनेत आधी ६० आणि नंतर ५० टक्क्यांची अट घातली गेली. म्हणजे वसतिगृहात जागा न मिळालेल्या ४८ टक्केवाल्याने खोलीचे भाडे कुठून द्यावे? २८२ गुणांच्या विद्यार्थ्याच्या नावाची योजना २८२ गुणांच्या विद्यार्थ्याला लागू होत नाही, हे कुणाच्या लक्षात आले आहे काय? ही अट काढण्यासाठी आपल्या संघटनांनी निवेदने दिली पाहिजेत, आंदोलने केली पाहिजेत.

विहारात दिवा लागला पाहिजे

पण सरकारच्या नावाने बोटे मोडून मार्चचा पेपर सुटत नाही. आपल्या हातात काय आहे?

गावोगावी आपले बुद्धविहार आहेत. वंदना झाली की अनेक ठिकाणी कुलूप लागते. दिवाळीपासून परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी तीन तास हे विहार दहावीच्या मुलांसाठी उघडे राहू द्या. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर एका रात्रीत जे उडते, त्यात बल्ब, इन्व्हर्टर, दोन फळे आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स सहज येतात. प्रत्येक गावात डीएड, बीएड करून बसलेला एखादा तरुण असतोच. त्याला थोडे मानधन द्या. मुलगी असेल तर तिला घरापर्यंत पोचवायची जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी.

तिथे शिकवायचे काय? मध्यम मुलाला सगळे पुस्तक एकदम शिकवायला जाऊ नये. आधी त्याचे कुठे तुटले आहे ते पाहावे. पाढे, अपूर्णांक, चिन्हे पक्की करून घ्यावीत. गणिताचे दोन भाग ४०-४० गुणांचे असतात. त्यात पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे आणि भूमितीच्या रचना सरावाने येतात, त्याला जन्मजात बुद्धी लागत नाही. भाषांच्या कृतिपत्रिकेत उताऱ्यावरच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे उताऱ्यातच असतात, ती शोधायची सवय लावावी. विज्ञानाच्या आकृत्या आणि भूगोलाचा नकाशा रोज एक काढावा. आठवड्याला एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून लिहून घ्यावी, कारण अनेक मुलांना येत असते पण लिहिणे पुरे होत नाही. गाइडपेक्षा बालभारतीचे पुस्तक बरे. शाळेकडचे २० गुण, म्हणजे तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक वही आणि गृहपाठ, यातला एकही सोडू नये.

आईबापांनी शिकवायचे नाही, पण दोन गोष्टी त्यांच्याच हाती आहेत. परीक्षेच्या आधीचे दोन महिने लेकराला मजुरीला पाठवू नका आणि शेजारच्या पोराचे टक्के त्याला ऐकवू नका. रामजीबाबांनी मुलाला जागून वेळ दिला. आपण निदान संध्याकाळी टीव्ही बंद ठेवू शकतो.

आणि कॉपी? 'गरिबाचा पोरगा आहे, पास होऊ द्या' म्हणून खिडकीतून चिठ्ठी टाकणारा कार्यकर्ता त्या पोराचा हितचिंतक नव्हे. चिठ्ठीवर दहावी निघते, पण अकरावीच्या पहिल्या चाचणीत आणि आयटीआयच्या यंत्रापुढे चिठ्ठी येत नाही. शिवाय 'यांना येत नाही' हे म्हणणाऱ्यांच्या हाती आपणच पुरावा देतो.

निकालानंतरचा दिवस

निकालाच्या दिवशी कार्यकर्त्यांनी आधी नापास झालेल्यांच्या घरी जावे. मुलगा गप्प असेल, जेवत नसेल, तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, त्यावर बोलायला लावावे. मग पुढचे सांगावे. वर्ष वाया गेलेले नाही. पुरवणी परीक्षा आहे. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही घेतात. पास झालेल्यांना वाशिमचे शासकीय तंत्रनिकेतन आहे. ही माहिती कागदावर लिहून विहाराच्या भिंतीवर लावा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला गुणांची शर्यत नाही. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ३५ टक्केवाल्यालाही ती मिळते. ती १९४४ साली बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून सुरू झाली. पण त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर हवा. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. तो जूनमध्ये धावपळ करून सापडत नाही. कोतवालबुक, जुन्या शाळेचा दाखला हे सारे हिवाळ्यातच शोधून ठेवावे.

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले तेव्हा वर्ग सकाळी भरवले गेले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला शिकता यावे. संस्था कुणासाठी काढायची हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. आपल्या सत्कार समित्यांनीही यंदा फलकावरची ८५ टक्क्यांची अट खोडावी. जो पोरगा सोंगणी करून, विहारातल्या दिव्याखाली बसून, कॉपी न करता ४८ टक्के मिळवतो, त्याला नव्वदवाल्याच्या शेजारी खुर्ची द्यावी आणि त्याच्या हातात एक पुस्तक ठेवावे. केळुसकर गुरुजींनी तेच केले होते. आपल्यापैकी कितीजण ते करायला तयार आहेत?