प्रत्ययात दडलेले मन
स्पॅनिश क्रियाविशेषणांची ओळख

स्पेनपासून मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिनापर्यंत बोलल्या जाणाऱ्या स्पॅनिश भाषेत ‘काम कसे केले?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘मेन्ते’ या प्रत्ययाने दिले जाते. ‘लेन्तो’ म्हणजे मंद. त्याच्या ‘लेन्ता’ या स्त्रीलिंगी रूपास ‘मेन्ते’ जोडले की ‘लेन्तामेन्ते’, म्हणजे सावकाश, हे क्रियाविशेषण सिद्ध होते. ‘फासिल’ (सोपे) यासारख्या, दोन्ही लिंगी समान राहणाऱ्या विशेषणास प्रत्यय थेट लागतो : ‘फासिलमेन्ते’.

स्त्रीलिंगच का? ‘मेन्ते’ हे मुळात लॅटिन भाषेतील मनवाचक स्त्रीलिंगी नामाचे रूप, अर्थ ‘मनाने’. शांत मनाने, स्वच्छ मनाने असे ते दोन शब्द पुढे एकरूप झाले. हे लॅटिन नाम आणि संस्कृत ‘मनस्’ एकाच प्राचीन धातूची अपत्ये आहेत. त्यामुळे मराठी ‘मनःपूर्वक’ हा शब्द त्यांच्या नात्यातला ठरतो. प्रत्ययाचे जुने स्वातंत्र्य आजही दिसते. ‘सावकाश आणि स्पष्टपणे’ म्हणताना ‘मेन्ते’ केवळ शेवटच्या शब्दास लागते : ‘लेन्ता इ क्लारामेन्ते’.

सर्वच क्रियाविशेषणे अशी घडत नाहीत. ‘ब्येन’ (चांगले) आणि ‘माल’ (वाईट) स्वयंसिद्ध आहेत. ‘कोन पासियेन्सिया’ (धीराने) येथे शब्दयोगी अव्यय व नाम मिळून तेच कार्य करतात.

मराठीत ‘तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते’ असा बदल होतो; स्पॅनिशमध्ये दोघेही ‘ब्येन’च खेळतात. क्रियाविशेषण लिंग-वचनानुसार बदलत नाही. या नियमाचे मोल व्यवहारात कळते. ‘त्राबाखो सोलो लोस दोमिंगोस’ असे पुरुषाने लिहिल्यास ‘मी फक्त रविवारी काम करतो’ किंवा ‘रविवारी एकटा काम करतो’ असे दोन अर्थ संभवतात. स्त्री एकटी काम करीत असेल तर ती ‘सोला’ लिहील. संदिग्धता उरणार नाही. पुरुषाने ‘सोलामेन्ते’ लिहिले, तर ‘फक्त’ हाच अर्थ निश्चित होतो.

प्रदेशभेदही ध्यानी घ्यावा लागतो. ‘आओरा’ म्हणजे आता. परंतु मेक्सिकोतील ‘आओरीता’ म्हणजे या क्षणी किंवा थोड्या वेळाने, हे प्रसंगच सांगतो. माल ‘आओरीता’ निघेल असे उत्तर आल्यास दिनांक विचारून घेणारा व्यापारी शहाणा. शब्द दिला जातो क्रियापदाने. त्याचा भरवसा ठरतो क्रियाविशेषणाने.